मोशन डिटेक्शन नीट चालायला हवं असेल तर कॅमेरा कसा निवडावा: पायरीपायरीने

पाकोळ्या उडाल्या, पावसाची सर आली, समोरून गाडीचे दिवे फिरले की रात्रभर कॅमेऱ्याच्या अलर्टने मोबाइल वाजत राहतो. मागच्या बोळातून माणूस आत आला तेव्हा मात्र रेकॉर्डिंगच सापडत नाही. या तक्रारीत दोष सॉफ्टवेअरला दिला जातो, पण बहुतेक वेळा चुकलेला असतो तो क्रम. आधी ऑफरमध्ये कॅमेरे घेतले जातात, भिंतीला भोकं पाडून वायरी ओढल्या जातात आणि सगळ्यात शेवटी सॉफ्टवेअर शोधलं जातं. हा क्रम उलटा करायचा आहे.

हा लेख स्वतःच्या संगणकावर फ्रिगेट, ब्लू आयरिस, झोनमाइंडर किंवा एजंट डीव्हीआर यांसारखं सॉफ्टवेअर चालवू पाहणाऱ्यांसाठी आहे. कंपनीच्या ॲपवरच समाधान असेल तर यातला निम्मा खटाटोप लागणार नाही. उदाहरणासाठी एक जागा धरू: तळमजल्यावर दुकान, वर राहतं घर, आणि चार कॅमेरे. शटरवर एक, गल्ल्यावर एक, बाजूच्या बोळात एक आणि मागच्या अंगणात एक.

टप्पा १: आधी सॉफ्टवेअर ठरवा

हालचाल ओळखण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत सॉफ्टवेअर लागोपाठच्या दोन चित्रांत किती पिक्सेल बदलले ते मोजतं आणि ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं की इशारा देतं. झोनमाइंडर आणि लिनक्सवरचं ‘मोशन’ नावाचं सॉफ्टवेअर याच जातीचे. मोशनमध्ये मुळात १५०० पिक्सेलचा उंबरठा दिलेला असतो. पिक्सेल माणसामुळे बदलले की हलणाऱ्या केळीच्या पानामुळे, याच्याशी या पद्धतीला देणंघेणं नसतं.

दुसऱ्या पद्धतीत आधी हालचाल शोधली जाते आणि चित्राचा तेवढाच भाग वस्तू ओळखणाऱ्या एआय मॉडेलकडे जातो. माणूस, गाडी की कुत्रा हे तिथे ठरतं. फ्रिगेट असंच चालतं. ब्लू आयरिस विंडोजवरच चालतं आणि त्याला वस्तू ओळखण्याची जोड देता येते.

रस्त्यालगतचं दुकान आणि मागे झाडं असलेलं अंगण असेल तर माझ्या मते दुसरी पद्धतच घ्यावी. बंद गोदामात पहिलीही पुरते.

सॉफ्टवेअर ठरलं की कॅमेऱ्याकडून त्याला काय हवं ते कागदावर उतरवा: कोणता व्हिडिओ कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत), एका कॅमेऱ्याकडून किती स्ट्रीम (सलग येणारा व्हिडिओ) आणि कोणता प्रोटोकॉल (तो पाठवण्याचे नियम). संगणकाचा प्रोसेसरही लिहून ठेवा. इंटेलच्या सहाव्या पिढीपासूनचे ग्राफिक्स असलेले प्रोसेसर एच.२६५ हा कोडेक हार्डवेअरवर उलगडू शकतात. त्याहून जुन्यांत तो सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो आणि चार कॅमेऱ्यांतच संगणक धापा टाकतो.

तपासून बघा: ओळखीसाठीच्या स्ट्रीमला एच.२६४ हाच सर्वांत निर्धोक पर्याय आहे. रेकॉर्डिंग एच.२६५ मध्ये ठेवायला हरकत नाही.

टप्पा २: टेप घेऊन जागा मोजा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि पुढचा निम्मा त्रास इथूनच सुरू होतो.

कॅमेरा साधारणपणे एकाच वेळी दोन स्ट्रीम देतो. मेन स्ट्रीम पूर्ण रिझोल्यूशनचा असतो आणि रेकॉर्डिंगला वापरला जातो. सब-स्ट्रीम लहान असतो, आणि संगणकावर भार येऊ नये म्हणून हालचाल ओळखायला बहुधा तोच दिला जातो. म्हणजे डब्यावर ४ मेगापिक्सेल किंवा ८ मेगापिक्सेल असं कितीही ठळक छापलेलं असलं, तरी सॉफ्टवेअर प्रत्यक्षात बघत असतं ते ६४० बाय ३६० चं चित्र.

आता हिशोब करू. माणसाच्या जागी एका मीटरला किती पिक्सेल मिळतात, हे निवडीचं खरं माप. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार कोणीतरी आहे एवढं कळायला मीटरला २५ पिक्सेल लागतात, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०.

लेन्सचा आडवा कोन मॉडेलगणिक थोडा बदलतो, तरी २.८ मिमी लेन्सचा साधारण १०६ अंश, ४ मिमीचा ८४ अंश आणि ६ मिमीचा ५४ अंश धरा. १० मीटर अंतरावर या लेन्स अनुक्रमे सुमारे २६ मीटर, १८ मीटर आणि १० मीटर रुंदी टिपतात. २५६० पिक्सेल रुंदीच्या मेन स्ट्रीमवर मीटरला अनुक्रमे ९८, १४२ आणि २५० पिक्सेल येतात. चांगलं वाटतं. पण ६४० च्या सब-स्ट्रीमवर तेच आकडे २४, ३५ आणि ६३ होतात.

पहिला आकडा बघा. २.८ मिमी लेन्स, १० मीटर अंतर: मीटरला २४ पिक्सेल, म्हणजे ‘कोणीतरी आहे’ या किमान मापाच्याही खाली. अर्धा मीटर रुंद माणूस तिथे जेमतेम १२ पिक्सेलचा दिसतो. त्यात रात्रीचा दाणेदारपणा मिसळला की सॉफ्टवेअरला तो माणूस आहे हे कळणार कसं? मग लोक संवेदनशीलता वाढवतात, आणि खोट्या अलर्टचा पाऊस सुरू होतो.

म्हणून:

- गल्ल्याला २.८ मिमी चालेल, कारण अंतर ३-४ मीटरच असतं.
- शटर आणि अंगणाला ४ मिमी.
- बोळ अरुंद आणि लांब असतो. तिथे ६ मिमी घ्या. बाजूच्या भिंती टिपून उपयोग काय?

दुकानात विक्रेता बहुतेक वेळा २.८ मिमीच हातात देतो, कारण त्यात जास्त जागा दिसते आणि गिऱ्हाईक खूश होतं. लेन्सचा आकडा मागून घ्या.

सब-स्ट्रीमचं कमाल रिझोल्यूशनही डेटाशीटमध्ये शोधा. काही मॉडेलांत ते १२८० बाय ७२० पर्यंत वाढवता येतं किंवा तिसरा स्ट्रीम मिळतो. वरचे आकडे त्यामुळे थेट दुप्पट होतात. मेगापिक्सेल वाढवण्यापेक्षा यासाठी चार पैसे जास्त मोजणं कधीही बरं.

सावधान: मेन स्ट्रीम १६:९ आणि सब-स्ट्रीम ७०४ बाय ५७६ असा असेल तर दोन्हींची चौकट जुळत नाही. सब-स्ट्रीमवर आखलेली हद्द (जिथली हालचाल धरायची तो भाग) रेकॉर्डिंगमध्ये सरकलेली दिसते. दोन्हींचं प्रमाण एकच ठेवता येतं का, ते आधी पाहा.

मेगापिक्सेलबद्दल आणखी थोडं. १/२.८ इंच सेन्सरवर ८ मेगापिक्सेल कोंबले की प्रत्येक पिक्सेलला प्रकाश कमी मिळतो आणि रात्री चित्रात दाणे नाचू लागतात. पिक्सेल मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला ती हालचालच वाटते. १/१.८ इंच सेन्सरवरचे ४ मेगापिक्सेल रात्री कितीतरी शांत चित्र देतात. लेन्सचा एफ आकडाही बघा: एफ १.० ची लेन्स एफ २.० पेक्षा चौपट प्रकाश आत घेते.

टप्पा ३: डेटाशीट वाचा, डबा नव्हे

मॉडेलचा पूर्ण क्रमांक घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावरून डेटाशीट उतरवा. एकाच नावाखाली शेपटीची अक्षरं बदलून वेगळे कॅमेरे विकले जातात, म्हणून क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. त्यात हे असायलाच हवं:

१. आरटीएसपी. सॉफ्टवेअर याच मार्गाने चित्र ओढतं. सर्वसाधारणपणे पोर्ट ५५४.
२. ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांनी एकमेकांशी जुळावं म्हणून केलेलं मानक), प्रोफाइल एस किंवा टी. एच.२६५ आणि हालचालीच्या सूचना हव्या असतील तर टी.
३. मेनपेक्षा वेगळा कोडेक आणि वेगळा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) लावता येईल असा सब-स्ट्रीम.
४. आय-फ्रेमचं (व्हिडिओत मध्ये मध्ये येणाऱ्या पूर्ण चित्राचं) अंतर स्वतः ठरवण्याची सोय.
५. शटरचा वेग हाताने बांधून ठेवण्याची सोय.
६. ८०२.३एएफ मानकाचं पीओई (नेटवर्कच्या वायरीतूनच कॅमेऱ्याला वीज).

‘ऑनव्हिफ सपोर्ट’ असं डब्यावर कोणीही छापू शकतं. ऑनव्हिफच्या अधिकृत संकेतस्थळावर मानकात बसणाऱ्या उत्पादनांची यादी असते. तिथे मॉडेल आहे का ते पाहा.

हे कॅमेरे या कामाला घेऊ नका: बॅटरीवर चालणारे आणि फक्त क्लाउडवर रेकॉर्ड करणारे. बॅटरीचा कॅमेरा झोपलेला असतो आणि स्वतःच्या उष्णता-सेन्सरने जागा होतो, त्यामुळे सॉफ्टवेअरला सलग चित्र मिळतच नाही. कितीही सेटिंग बदललं तरी हे सुधारत नाही.

जुना डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) आणि कोॲक्सियल वायरचे कॅमेरे असतील तर लगेच भंगारात काढू नका. बरेच डीव्हीआर प्रत्येक चॅनेलचा आरटीएसपी स्ट्रीम देतात आणि तो सॉफ्टवेअरला जोडता येतो. चित्र जरा उशिरा येतं, पण सुरुवातीला चालतं.

भारतात घेणाऱ्यांसाठी आणखी एक तपासणी. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्र सरकारने ठरवलेल्या सुरक्षा-निकषांची चाचणी बंधनकारक झाली आहे. कॅमेऱ्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की कोणाच्या नावावर नोंदला आहे ते दिसतं. स्वस्तात मिळालेल्या अनोळखी कॅमेऱ्याचा क्रमांक तिथे सापडला नाही तर तो परत करा.

टप्पा ४: एकच कॅमेरा आणा आणि टेबलावर तपासा

चार लागणार म्हणून चार आणू नका. एक आणा, परत करण्याची मुदत विचारून घ्या, आणि भिंतीवर चढवण्याआधी टेबलावरच जोडा.

१. कॅमेऱ्याच्या वेबपेजवर जाऊन पासवर्ड बदला. पासवर्ड लांब ठेवा, पण त्यात फक्त अक्षरं आणि अंक वापरा. @ किंवा # असलं की आरटीएसपीचा पत्ता मध्येच तुटतो आणि पासवर्ड बरोबर असूनही ‘चुकीचा’ म्हणून परत येतो. तासन्‌तास वाया घालवणारी ही चूक फार जण करतात.

२. ऑनव्हिफ चालू करा. हिकव्हिजनच्या कॅमेऱ्यांत ते मुळात बंद असतं आणि त्यासाठी वेगळा वापरकर्ता तयार करावा लागतो. टीपी-लिंकच्या टॅपो कॅमेऱ्यांत ॲपमध्ये जाऊन ‘कॅमेरा अकाउंट’ तयार करावं लागतं. ॲपचा नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही.

३. संगणकावरच्या व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ओपन नेटवर्क स्ट्रीम’ उघडून आरटीएसपीचा पत्ता टाका. हिकव्हिजनमध्ये पत्त्याच्या शेवटी १०१ म्हणजे मेन आणि १०२ म्हणजे सब. दाहुआ आणि सीपी प्लसच्या बऱ्याच मॉडेलांत ‘सबटाइप’पुढे ० म्हणजे मेन, १ म्हणजे सब. टॅपोमध्ये स्ट्रीम १ आणि स्ट्रीम २.

४. चित्र सुरू असताना कंट्रोल आणि जे दाबा. कोडेक, रिझोल्यूशन आणि फ्रेम रेट दिसेल. डेटाशीटशी ताडून बघा.

५. सब-स्ट्रीम रात्रभर व्हीएलसीमध्ये चालू ठेवा.

तपासून बघा: सकाळी चित्र गोठलेलं, हिरवट झालेलं किंवा बंद पडलेलं असेल तर आधी वायर आणि स्विच बदलून बघा. तरीही तसंच होत असेल तर कॅमेरा परत करा. टेबलावर न टिकणारा कॅमेरा भिंतीवर टिकणार नाही.

टप्पा ५: वायर आणि जागा

वायफाय टाळा. नुसतं बघायला ते पुरतं, पण ओळखीच्या स्ट्रीममध्ये दर थोड्या वेळाने फ्रेम गळतात, चित्र उडी मारतं आणि ती उडी सॉफ्टवेअरला हालचाल वाटते. फ्रिगेटच्या मार्गदर्शिकेतही वायफाय कॅमेरे न वापरण्याचाच सल्ला आहे.

कॅट ६ वायर घ्या आणि ती शुद्ध तांब्याची आहे ना, हे विचारा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची वायर ‘कॅट ६’ म्हणून सर्रास विकली जाते. तिच्यातून पीओईची वीज पोचते, पण लांब अंतरावर विजेचा दाब कमी होतो. दिवसा कॅमेरा व्यवस्थित चालतो आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की बंद पडून पुन्हा सुरू होतो. टोक सोलून ब्लेडने खरवडून बघा: आत चंदेरी दिसलं तर ती वायर घेऊ नका. एका लांबीची मर्यादा १०० मीटर.

वीज जाणाऱ्या भागात संगणकाबरोबर पीओई स्विच आणि राउटरही इन्व्हर्टरवर घ्या. नुसता संगणक घेतला तर वीज गेल्यावर तो काळं चित्र रेकॉर्ड करत बसतो.

जागा ठरवताना:

- उंची अडीच ते तीन मीटर. त्याहून वर नेलं तर टोप्या आणि डोकीच दिसतात.
- माणूस चित्रात आडवा जाईल असा कोन घ्या. सरळ कॅमेऱ्याकडे चालत येणाऱ्याचे पिक्सेल फार हळू बदलतात आणि तो उशिरा सापडतो.
- भिंत, छज्जा किंवा पन्हाळीचा पाइप चित्राच्या कडेला जवळ येऊ देऊ नका. त्यावरून इन्फ्रारेड उलटून येतो आणि लांबचं सगळं काळं पडतं.
- उघड्यावर घुमटाचा कॅमेरा टाळा. काचेवर धूळ आणि थेंब बसले की रात्री चित्र पांढरं होतं. गोल डोळ्याचा टरेट चांगला.

पावसाळा आणि किडे यांचं वेगळं सांगायला हवं. इन्फ्रारेड दिवे लेन्सभोवतीच असतात. लेन्सजवळून पडणारा थेंब किंवा उडणारा किडा त्या उजेडात पांढराशुभ्र चमकतो आणि चित्रात माणसाएवढा मोठा दिसतो. उष्णतेमुळे पाली आणि कोळीही तिथेच मुक्काम करतात. उपाय साधा आहे: कॅमेऱ्याचे आतले दिवे बंद करून वेगळा इन्फ्रारेड दिवा एक-दोन मीटर बाजूला लावा. मग लेन्ससमोरचा किडा किंवा थेंब तेवढा उजळत नाही. अंगणात रात्रभर साधा एलईडी दिवा ठेवणं शक्य असेल तर त्याहून उत्तम, कारण रंगीत चित्रात ओळख नीट होते.

टप्पा ६: आधी कॅमेऱ्याचं सेटिंग, मग सॉफ्टवेअरचं

हा क्रम मोडू नका. कॅमेऱ्यातून खराब चित्र येत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये काहीही फिरवून उपयोग नाही.

१. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ करा. काही कॅमेरे ६० वर ठेवलेले येतात. मग ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकत राहतात आणि बंद दुकानातही अलर्ट येत राहतात.

२. ‘एच.२६४ प्लस’, ‘एच.२६५ प्लस’ किंवा ‘स्मार्ट कोडेक’ बंद करा. जागा वाचवण्यासाठी ते आय-फ्रेम लांबवतात, आणि रेकॉर्डिंगची सुरुवात तुटक होते.

३. आय-फ्रेमचं अंतर फ्रेम रेटएवढंच ठेवा. १५ फ्रेम असतील तर १५. म्हणजे दर सेकंदाला एक पूर्ण चित्र मिळतं.

४. सब-स्ट्रीमला ५ ते १० फ्रेम पुरतात. फ्रिगेट मुळात ५ फ्रेमवरच ओळख करतं. जास्त दिल्याने ओळख सुधारत नाही, प्रोसेसर मात्र तापतो.

५. रात्रीचं शटर १/२५ पेक्षा मंद होऊ देऊ नका. कॅमेरा चित्र उजळ दाखवण्यासाठी शटर मंद करतो आणि चालणारा माणूस धुरासारखा पुसट होतो. थोडं काळं पण रेखीव चित्रच कामाचं.

६. नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे कमी करणारं सेटिंग) मध्यावर ठेवा. कमाल केलं तर हलत्या माणसामागे सावली ओढली जाते, शून्य केलं तर दाणे नाचतात.

७. वेळ एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची सोय) जुळवा, भारतात असाल तर साडेपाच तासांचा विभाग निवडून. पोलिसांना फुटेज द्यायची वेळ आली तर दहा मिनिटांच्या फरकावरूनही वाद होतो.

टप्पा ७: हद्दी आखा आणि चालून बघा

चित्रावर उमटणारं घड्याळ दर सेकंदाला बदलतं. सगळ्यात आधी ते झाका. मग हलणारी झाडं आणि झेंडे झाका. यापलीकडे झाकत सुटू नका. विशेषतः फ्रिगेटमध्ये रस्ता नको म्हणून रस्ता झाकला तर तिथून येणाऱ्या माणसाचा माग मध्येच तुटतो. त्याऐवजी अंगणापुरती हद्द आखा आणि त्या हद्दीत आला तरच अलर्ट, असं सांगा. झोनमाइंडरमध्ये ‘प्रीक्लुझिव्ह’ हद्द असते. सहसा हालचाल होत नाही अशा भागात ती आखली, तर अचानक उजेड पडून सगळं चित्र बदललं की अलर्ट दाबला जातो. गाड्यांच्या दिव्यांवर हा चांगला उपाय.

शेजाऱ्यांचं दार किंवा खिडकी चित्रात येत असेल तर ती कॅमेऱ्यातच प्रायव्हसी मास्कने काळी करा.

आता चालण्याची चाचणी. घरातल्या कोणाला तरी फोनवर ठेवा. दिवसा आणि पूर्ण अंधारात, दोन्ही वेळा: आडवे चाला, सरळ कॅमेऱ्याकडे चाला, भिंतीला चिकटून चाला, छत्री घेऊन चाला, वाकून चाला. प्रत्येक चालीला अलर्ट आला का आणि रेकॉर्डिंगमध्ये माणूस चौकटीत शिरण्याआधीचे चार-पाच सेकंद आले का, हे लिहून ठेवा.

तपासून बघा: एखादी चाल सुटत असेल तर संवेदनशीलतेला हात लावण्याआधी टप्पा २ चा हिशोब पुन्हा करा. बहुतेक वेळा लेन्स किंवा कोन चुकलेला निघतो. अशा वेळी कॅमेरा दोन मीटर पुढे घ्या.

टप्पा ८: उरलेले कॅमेरे, डिस्क आणि नेटवर्क

पहिला कॅमेरा आठवडाभर नीट चालला की उरलेले तीन त्याच मालिकेतले घ्या. लेन्स वेगळी चालेल, पण सेटिंगची पानं आणि आरटीएसपीचा पत्ता सारखा राहतो.

डिस्कचा हिशोब: सेकंदाला ४ मेगाबिटचा एक स्ट्रीम दिवसाला सुमारे ४३ जीबी खातो. चार कॅमेऱ्यांचे १७३ जीबी, म्हणजे २ टीबीच्या डिस्कवर सलग रेकॉर्डिंग अकरा दिवसांचं. जास्त हवं असेल तर सलग रेकॉर्डिंगचे दिवस कमी करा आणि हालचालींचे तुकडे महिनाभर ठेवा. डिस्क पाळतीच्या कामासाठी बनवलेलीच घ्या.

कॅमेऱ्यांसाठी राउटरवर पोर्ट उघडू नका, पीटूपी (कंपनीच्या सर्व्हरमार्फत बाहेरून जोडणारी सोय) बंद करा आणि शक्य असेल तर त्यांचं इंटरनेटच तोडा. बाहेरून बघायला व्हीपीएन (घरच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) वापरा. इंटरनेट तोडलंत तर वेळ जुळवण्यासाठी एनटीपीचा पत्ता घरातल्या संगणकाचा द्या, नाहीतर घड्याळ हळूहळू चुकत जातं.

सुरक्षेची दुरुस्ती असेल तर फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट जरूर करा, पण आधी सेटिंगची फाइल उतरवून ठेवा आणि एका वेळी एकाच कॅमेऱ्यावर करा. अपडेटनंतर स्मार्ट कोडेक, ऑनव्हिफ आणि ५० हर्ट्झ या तीन गोष्टी लगेच बघा. कॅमेरा मूळ सेटिंगवर गेला असेल तर आधी याच बदललेल्या सापडतात.